इंग्रजी शब्दांची मुळे: किती उपयोगी, कुठे फसवी

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फोर्टच्या पदपथावर पुस्तकविक्रेत्याकडे इंग्रजी सुधारण्यासाठी काही मागितले, की 'रेन अँड मार्टिन'च्या जोडीला हमखास एक पुस्तक पुढे येते: नॉर्मन लुईसचे 'वर्ड पॉवर मेड ईझी'. १९४९ साली अमेरिकेत निघालेले हे पुस्तक आपल्याकडे स्पर्धापरीक्षांच्या तीन पिढ्यांनी वाचले. इंग्रजीतले जड शब्द ग्रीक-लॅटिन धातूंपासून बनलेले आहेत, एक धातू हाती आला की दहा शब्द आपोआप सुटतात, हे त्यातून लोकांनी उचललेले सूत्र. आता ते क्लासच्या नोट्समध्ये आहे, मोबाइलच्या अॅपमध्ये आहे, भिंतीवर चिकटवायच्या तक्त्यांतही आहे.

सूत्र अर्धे खरे आहे. कोणते अर्धे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. म्हणून या पद्धतीचा उगम, तिच्यावर झालेले संशोधन, तिची बलस्थाने आणि तिचे चकवे, असा सगळा हिशेब एकत्र मांडून पाहायला हवा. मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत तर तो वेगळाच निघतो.

दोन मजली भाषा

थॉमस फिंकेनश्टेट आणि डीटर वोल्फ या अभ्यासकांनी १९७३ साली 'शॉर्टर ऑक्सफर्ड डिक्शनरी'तल्या सुमारे ८०,००० शब्दांचे कूळ तपासले. थेट लॅटिनमधून आलेले २८ टक्क्यांच्या आसपास, फ्रेंचमधून आलेले जवळपास तितकेच, ग्रीकमधून ५ टक्क्यांहून थोडे जास्त आणि मूळचे जर्मानिक घराण्यातले सुमारे २५ टक्के. फ्रेंच ही लॅटिनचीच लेक असल्यामुळे शब्दकोशाचा निम्म्याहून अधिक भाग या ना त्या वाटेने रोम आणि अथेन्सकडे जातो.

पण शब्दकोश वेगळा आणि बोलणे वेगळे. इंग्रजीत सर्वांत जास्त वापरले जाणारे शंभर शब्द काढले, तर ते जवळजवळ सगळे घरचे, जर्मानिक निघतात. लॅटिन-ग्रीक शब्दांची वस्ती वरच्या मजल्यावर आहे: कायदा, धर्म, वैद्यक, विज्ञान, प्रशासन. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबारात फ्रेंच आली. पुढे सोळाव्या शतकात विद्वानांनी लॅटिनमधून शब्दांची आयात इतकी वाढवली, की असल्या शब्दांना दौतीतले शब्द म्हणून हिणवले जाऊ लागले. १६०४ साली रॉबर्ट कॉड्रीने इंग्रजीचा पहिला एकभाषी शब्दकोश काढला, तोच मुळी सुमारे अडीच हजार अवघड शब्दांचा होता. ज्यांना लॅटिन येत नाही त्यांना स्वतःच्याच भाषेतले शब्द समजावून सांगण्याची वेळ तेव्हाच आली होती.

मराठीतही असे दोन मजले आहेत. दात तद्भव, दंत तत्सम. हात तद्भव, हस्त तत्सम. फरक असा, की दंतवैद्य या शब्दात दात दिसतो, हस्ताक्षरात हात दिसतो. इंग्रजीत 'टूथ' आणि 'डेंटल', 'हँड' आणि 'मॅन्युअल', 'मून' आणि 'लूनर' यांचा एकमेकांशी संबंध कानाला अजिबात जाणवत नाही. डेव्हिड कॉर्सन या अभ्यासकाने १९८५ साली याला शब्दांचा अडसर म्हटले. ज्या घरात वरच्या मजल्यावरचे शब्द बोलले-वाचले जात नाहीत, त्या घरातले मूल शाळेत अडते, मग त्याची मातृभाषा इंग्रजी का असेना. धातू शिकवण्याचा खटाटोप मुळात या अडसरावरचा उपाय आहे.

चौदा शब्दांची किल्ली

या उपायाला खरा बाजार मिळाला तो विसाव्या शतकातल्या अमेरिकेत. १९४२ साली विल्फ्रेड फंक आणि नॉर्मन लुईस यांनी तीस दिवसांत शब्दसंपत्ती वाढवून देणारे पुस्तक काढले. चाळिशीच्याच दशकात मिनेसोटा विद्यापीठातल्या जेम्स ब्राउन यांनी चौदा शब्दांची एक यादी तयार केली. त्या चौदा शब्दांत मिळून वीस उपसर्ग आणि चौदा धातू होते, आणि तेवढे शिकले की चौदा हजारांहून अधिक शब्दांची दारे उघडतात, असा दावा होता. पुढची कित्येक पुस्तके या हिशेबावर उभी राहिली.

हिशेबातली मेख पाहण्यासाठी त्या यादीतला एकच शब्द घेऊ: 'प्रिसेप्ट', म्हणजे शिकवण, नीतिवचन. त्यात 'प्रि' म्हणजे आधी आणि 'सेप्ट' म्हणजे घेणे. हे 'सेप्ट' लॅटिनच्या 'कापेरे' या क्रियापदाचे एक रूप. त्याची बाकीची रूपे 'कॅप्चर'मध्ये 'कॅप्ट' होतात, 'रिसीव्ह'मध्ये 'सीव्ह', 'पार्टिसिपेट'मध्ये 'सिप' आणि 'ऑक्युपाय'मध्ये 'कुप'. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही सगळी भावंडे आहेत. पण पुढ्यात 'ऑक्युपाय' आला तर त्यात 'कापेरे' लपलेला आहे हे ओळखणार कोण? ज्याला तो आधीपासून माहीत आहे तोच. आणि ओळखला, तरी 'आधी घेणे' यावरून 'नीतिवचन' या अर्थापर्यंत पोचणार कसे? चौदा हजार शब्दांत ते धातू आहेत हे खरे. त्या चौदा हजारांचा अर्थ त्यांवरून लागतो हे खरे नाही. या दोन विधानांमधली फट जाहिरातीत बुजवली जाते.

लुईसच्या बाबतीत मात्र त्याच्यावर अन्याय व्हायला नको. त्याचे पुस्तक धातूंच्या यादीने सुरू होत नाही. आधी माणसांचे स्वभाव, मग डॉक्टरांचे प्रकार, मग निरनिराळे व्यवसाय, असे विषय घेऊन तो प्रत्येकात दहाएक शब्द अर्थासकट देतो. स्वार्थी, परोपकारी, अंतर्मुख, बहिर्मुख, माणूसघाणा अशा माणसांसाठीचे इंग्रजी शब्द नीट ओळखीचे झाले, की मग तो 'इगो', 'ऑल्टर', 'व्हर्ट', 'अँथ्रोपॉस' ही मुळे उकलून दाखवतो आणि तेवढ्यावर न थांबता पुन्हापुन्हा वापरायला लावतो. आधी शब्द, मागून धातू. आपल्याकडच्या संक्षिप्त नोट्सनी नेमका हा क्रम उलटा केला. दोनशे धातू, त्यांचे अर्थ, समोर तीन-तीन उदाहरणे, पाठ करा. इंग्रजी शब्दांची घोकंपट्टी टाळायला निघालेली पद्धत अशी लॅटिनच्या घोकंपट्टीत संपली.

मोजमाप काय सांगते

शाळकरी मुलांना शब्दांचे घटक शिकवल्याने काय साधते, यावर पुष्कळ काम झाले आहे. विल्यम नॅगी आणि रिचर्ड अँडरसन यांनी १९८४ साली शालेय इंग्रजी पुस्तकांतल्या शब्दांचा अंदाज बांधला, तेव्हा वेगळ्या धरता येतील अशा शब्दकुटुंबांची संख्या ८८,००० च्या वर गेली. इतके शब्द एकेक करून शिकवणे कोणत्याही शिक्षकाच्या आवाक्याबाहेरचे. पण वाचताना भेटणाऱ्या अनोळखी शब्दांपैकी बऱ्याच मोठ्या भागाची फोड करून अर्थाचा माग काढता येतो, हेही त्यांनी दाखवले. यात 'अन्हॅपीनेस'सारखे सरळ शब्द बहुसंख्य असतात, हे ध्यानात ठेवलेले बरे.

१९८९ साली थॉमस व्हाइट आणि सहकाऱ्यांनी त्याहून कामाची गोष्ट मोजली. शालेय इंग्रजीत उपसर्ग लागलेले जे शब्द येतात, त्यांतले ९७ टक्के फक्त वीस उपसर्गांत बसतात. त्यातही 'अन', 'रि', 'इन' आणि 'डिस' हे चार उपसर्गच ५८ टक्के जागा व्यापतात. यातला पहिला 'अन' तर लॅटिनही नाही, घरचा इंग्रजी आहे. म्हणजे दोनशे धातूंच्या यादीआधी चार उपसर्ग पक्के करणे कितीतरी किफायतशीर. क्लासच्या नोट्समध्ये मात्र या चौघांना एक ओळ मिळते.

२०१० साली पीटर बॉवर्स, जॉन कर्बी आणि हेलेन डीकन यांनी या विषयावरच्या २२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. घटकांवर भर देऊन शिकवल्याचा फायदा होतो. वाचनात मागे पडलेल्या मुलांना तो अधिक होतो. आणि हे शिक्षण बाकीच्या भाषाशिक्षणात मिसळून दिले तर परिणाम चांगला दिसतो, असा त्याचा सारांश. सुटी फोड शिकवण्यापेक्षा वाचन, लेखन, स्पेलिंग यांच्या ओघात ती शिकवलेली बरी.

परक्या भाषेच्या अभ्यासकांचा सूर जास्त सावध आहे. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांच्या हिशेबाने इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र विनासायास वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे यावी लागतात. त्यात दर पन्नास शब्दांमागे एखादाच अनोळखी शब्द उरतो. इतका साठा धातूंच्या जोरावर उभा राहत नाही, भरपूर वाचनाने राहतो. नेशन शब्दांचे घटक शिकवायला सांगतात, पण मुख्यतः शब्द लक्षात राहण्यासाठी. नुसत्या फोडीवरून अर्थाचा अंदाज बांधण्याबाबत ते विद्यार्थ्याला सावध करतात.

जिथे पद्धत चोख चालते

विज्ञान आणि वैद्यक ही या पद्धतीची हक्काची जागा. कारण उघड आहे: तिथले शब्द लोकांच्या तोंडी घडलेले नाहीत, अभ्यासकांनी टेबलाशी बसून जुळवलेले आहेत. रिचर्ड ओवेन यांनी १८४२ साली 'भयंकर' आणि 'सरडा' हे ग्रीक शब्द जोडून 'डायनोसॉर' केला. 'अॅनोड', 'कॅथोड', 'आयन' हे शब्द मायकेल फॅरेडे यांना विल्यम व्ह्यूवेल यांच्या मदतीने १८३४ साली मिळाले. जुळवलेला शब्द सहज सुटा होतो.

रुग्णालयाच्या कागदावरचा 'पोलिओमायलायटिस' घ्या. 'पोलिऑस' म्हणजे करडा, 'मायलॉस' म्हणजे मज्जा, 'आयटिस' म्हणजे दाह. मज्जारज्जूतल्या करड्या भागाचा दाह. रोगाची जागा आणि स्वरूप दोन्ही नावातच आहेत. 'कोलेसिस्टेक्टोमी' हा उच्चारायला जीवघेणा शब्द पित्त, पिशवी आणि कापून काढणे अशा तीन तुकड्यांत मोकळा होतो. 'हायपर' जास्त, 'हायपो' कमी, 'टॅकी' जलद, 'ब्रॅडी' मंद, 'आल्जिया' वेदना, अशी तीस-चाळीस मुळे आली की वैद्यकीय अहवालाची भीती निम्मी होते. मराठी माध्यमातून बारावी होऊन वैद्यकीय, नर्सिंग किंवा फार्मसीच्या अभ्यासक्रमाला गेलेल्या मुलांसाठी पहिल्याच आठवड्यात हे शिकवले, तर पुढची बरीच कुतरओढ वाचेल.

दुसरी चोख जागा स्पेलिंगची. 'सायकॉलॉजी'च्या सुरुवातीचा मुका 'पी', 'केमिस्ट्री'तला 'क' म्हणून उच्चारायचा 'सी-एच', 'फिलॉसॉफी'तले 'पी-एच', 'रिदम'मधले 'आर-एच' आणि 'वाय' हे सगळे ग्रीकचे ठसे आहेत. शब्द ग्रीक आहे एवढे कळले की ही अक्षरे मनमानी वाटत नाहीत. अमेरिकेत १९२५ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धेत मुलांना शब्दाची मूळ भाषा विचारता येते ती याचसाठी. १९८५ साली बालू नटराजन हा भारतीय वंशाचा पहिला विजेता ठरला, आणि २०१९ साली आठ जण संयुक्त विजेते झाले, त्यांतले सात भारतीय वंशाचे होते. या मुलांची तयारी म्हणजे मोठ्या प्रमाणावर धातूंचीच तयारी. अर्थात विद्वानांनी घातलेले गोंधळही आहेत. 'डेट' म्हणजे कर्ज, यातला मुका 'बी' उच्चारात कधीच नव्हता. लॅटिन मूळ दिसावे म्हणून तो मागाहून बसवला. 'आयलंड'मधला 'एस' तर चुकीच्या समजुतीने घुसला.

जिथे फसगत होते

सर्वांत मोठा चकवा दिसायला सारख्या मुळांचा. 'पेडेस्ट्रियन'मधला 'पेड' लॅटिन, म्हणजे पाय. 'पीडिअॅट्रिशन'मधला ग्रीक, म्हणजे मूल. 'होमो सेपियन्स'मधला 'होमो' लॅटिन माणूस, 'होमोजीनियस'मधला ग्रीक 'सारखा'. 'इन' बहुतेकदा नकार देतो, म्हणून 'इन्फ्लेमेबल' म्हणजे न पेटणारे असे वाटते. पेट्रोलच्या टँकरच्या पाठीवर तो शब्द उलट अर्थाने लिहिलेला असतो, कारण तिथला 'इन' नकाराचा नाही.

दुसरा चकवा काळाचा. 'मॅन्युफॅक्चर' म्हणजे हाताने बनवणे. आज कारखान्यात बरेचसे काम यंत्रे करतात. 'नाइस'चे लॅटिन मूळ 'अडाणी' या अर्थाचे. लाव्हाझिए यांनी ऑक्सिजनला आम्ल घडवणारा असे नाव दिले, कारण प्रत्येक आम्लात तो असतो असे त्यांना वाटत होते. समज खोटा ठरला, नाव टिकले.

तिसरा चकवा विद्यार्थ्याला सर्वांत महागात पडतो. आव्हेरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय लेखनातल्या ५७० शब्दकुटुंबांची यादी केली. शैक्षणिक मजकुराचा सुमारे १० टक्के भाग या यादीने व्यापलेला असतो, आणि त्यातले बहुसंख्य शब्द ग्रीक-लॅटिन आहेत. म्हणजे धातूंची गरज इथेच सर्वांत जास्त. पण 'अझ्यूम', 'कन्झ्यूम', 'प्रिझ्यूम', 'रिझ्यूम' या चौघांत 'घेणे' हा धातू असूनही गृहीत धरणे, वापरून संपवणे, मानून चालणे आणि पुन्हा सुरू करणे हे अर्थ त्यातून हाती लागत नाहीत. इस्रायलच्या बातिया लाउफर यांनी याला फसवी पारदर्शकता म्हटले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी 'इन्फॅलिबल' (कधीही न चुकणारा) या शब्दात 'फॉल' पाहून 'न पडणारा' असा अर्थ लावला. शब्द सुटला असे वाटले की विद्यार्थी शब्दकोश उघडतच नाही, आणि आजूबाजूच्या वाक्याचाही अर्थ मग त्या चुकीच्या अंदाजाशी जुळवून घेतो. न आलेल्या शब्दापेक्षा असा 'आलेला' शब्द जास्त धोक्याचा.

मराठी विद्यार्थ्याची जमेची बाजू

यातले बरेचसे आपल्याला नवे नाही. संस्कृत व्याकरणाने २२ उपसर्ग मोजले आणि उपसर्ग धातूचा अर्थ ओढून भलतीकडेच नेतो, हे 'हृ' धातूच्या उदाहरणाने पूर्वीच सांगून ठेवले. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार यांत धातू एकच, अर्थ पाच दिशांना. मराठी बोलणारा हे शब्द 'हृ' आठवून वापरत नाही; वापरून झाल्यावर त्यांचे नाते त्याला कळते. 'अझ्यूम-कन्झ्यूम'ची गत तीच आहे, आणि हे वर्गात सांगायला दोन मिनिटे लागतात.

संधीचेही तसेच. 'इन' आणि 'लीगल' मिळून 'इल्लीगल' का होते, 'अॅड' आणि 'ट्रॅक्ट'चे 'अट्रॅक्ट' का होते, याचा इंग्रजी माध्यमातल्या मुलाला अपवादांचा तक्ता करावा लागतो. सत् आणि जन यांचा सज्जन, उत् आणि लास यांचा उल्लास केलेल्या मुलाला हा नियम हातचा असतो.

आणि मग नातेसंबंध. १७८६ साली कोलकात्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे असे मांडले. त्याचा वर्गातला उपयोग आजही फारसा होत नाही. 'डेंट' आणि दंत, 'पेड' आणि पद, 'सेप्टेंबर'मधला 'सेप्ट' ('प्रिसेप्ट'मधला नव्हे) आणि सप्त, 'ग्नो' आणि ज्ञा, 'जंक्ट' आणि युज् ही सख्खी नाती आहेत. लॅटिन 'फ'च्या जागी संस्कृतात 'भ' येतो हे कळले, की 'फ्रॅटर'मध्ये भ्राता आणि 'ट्रान्सफर'मधल्या 'फर'मध्ये भार दिसतो. लॅटिन 'क'च्या जागी 'श' येतो हे कळले, की 'सेंच्युरी'तले शत आणि 'क्रेडिट'मधली श्रद्धा सापडते. मात्र कानाला सारखे वाटले म्हणून नाते लावायचे नाही. लॅटिन 'डेउस' आणि देव एका घरचे. ग्रीक 'थिऑस' कितीही जवळचा वाटला तरी परका.

संस्कृत न घेतलेल्या मुलाकडेही भांडवल आहे. गावातला ट्रान्सफॉर्मर जळतो, गुरुजींची ट्रान्सफर होते, कुणाचा ट्रान्सपोर्टचा धंदा असतो. या तीन शब्दांना इंग्रजी म्हणून कोणी शिकवत नाही, ते मराठीच झालेत. त्यांतून 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे हे पाच मिनिटांत निघते, आणि 'फॉर्म', 'फर', 'पोर्ट' ही तीन मुळे वर मिळतात. सूक्ष्मदर्शक, दूरध्वनी, जीवशास्त्र हे शब्द तर ग्रीक शब्दांच्याच साच्यावर घडवलेले. विज्ञानाच्या तासाला दोन्ही शेजारी शेजारी लिहिले तर 'मायक्रो', 'टेली', 'बायो' वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

मग करायचे काय

सगळ्या हिशेबातून एक क्रम निघतो. आधी चार, मग वीस उपसर्ग. त्यांच्या जोडीने शब्दाचा प्रकार बदलणारे प्रत्यय. त्यानंतर पंचवीस-तीस धातू, तेही वाचनात दोन-तीनदा भेटलेल्या शब्दांतून काढलेले. वही ठेवायची तर धातूंची नको, कुटुंबांची हवी. उदाहरणार्थ 'क्रेड', विश्वास: बँकेचे क्रेडिट, पर्यटनाच्या जाहिरातीतले इन्क्रेडिबल, नोकरीसाठी मागतात ती क्रेडेन्शियल्स, मग विश्वासार्ह तो 'क्रेडिबल' आणि कशावरही विश्वास ठेवणारा भोळा तो 'क्रेड्युलस'. प्रत्येकासमोर वाचलेले एक वाक्य. शेवटच्या दोघांतला फरक धातू सांगत नाही, ते वाक्य सांगते.

परीक्षेच्या तयारीत याच्या उलट घडते, कारण धातूंचा तक्ता विकता येतो आणि वाचनाची सवय विकता येत नाही. अमेरिकी विद्यापीठांतल्या प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेने २०११ साली विरुद्धार्थी शब्द आणि सादृश्याचे प्रश्न काढून टाकले. त्याआधी २००५ साली तिथल्याच सॅट या प्रवेशपरीक्षेने सादृश्याचे प्रश्न काढले होते. आता शब्द वाक्याच्या किंवा परिच्छेदाच्या संदर्भातच तपासला जातो, तरी आपल्याकडचे तक्ते जुन्याच प्रश्नांसाठी छापले जात आहेत.

महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. उपसर्ग-प्रत्यय तिथे व्याकरणाच्या एका गुणाचा प्रश्न म्हणून येतात, संस्कृतच्या तासाला वेगळे येतात आणि विज्ञानाच्या तासाला येतात हे कोणाच्या लक्षातही येत नाही. हे तीन तास एकमेकांशी जोडायला नवे पुस्तक नको, नवा क्लासही नको. तीन शिक्षकांनी शिक्षकखोलीत बसून एक समाईक यादी केली तरी पुरे. धातूंची खरी किंमत वसूल व्हायची तर ती शाळेत, सातवी-आठवीत व्हायला हवी. पदवीनंतर तक्ता घेऊन बसणाऱ्याच्या हाती तोवर फक्त पाठांतर उरलेले असते.